टाकीत मध्येच तरंगणारं पाणी

सांगलीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर दोन मीटर खोलीची टाकी आहे. वॉचमन पहाटे पाचला पंप सुरू करतो आणि टाकी भरली असं वाटलं की बंद करतो. हे 'वाटणं' चुकलं की पाणी गच्चीवरून भिंतीने खाली येतं. माझ्या वडिलांचे एक स्नेही तिथे राहतात. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये, इन्स्ट्रुमेंटच्या कामात गेली. मी त्यांना काका म्हणतो. काका म्हणाले, "वॉचमनच्या केबिनमध्ये असं काहीतरी लाव की बॉयलरच्या गेज ग्लाससारखं पाणी चढताना दिसेल. आकडे नुसते वाचायला लागतात. काचेतलं पाणी लांबून दिसतं." गेज ग्लास म्हणजे बॉयलरच्या बाहेर बसवलेली, आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी.

एलईडीच्या दहा दिव्यांची पट्टी एका संध्याकाळी झाली असती. पण दहा दिवे म्हणजे दहा पायऱ्या. गेज ग्लासमध्ये पायऱ्या नसतात. माझ्याकडे जुन्या सोव्हिएत बनावटीच्या निऑनच्या पट्टी-नळ्या होत्या. प्रवाह वाढेल तसा त्यांतला नारिंगी उजेड मुंगीच्या पावलाने वर सरकतो. काकांना हवं होतं ते नेमकं हेच. शेजारी टक्केवारी दाखवायला आयएन-१२ जातीच्या दोन निक्सी नळ्या, म्हणजे निऑनच्या उजेडात आकडे दाखवणाऱ्या नळ्या, लावायचं ठरलं. निक्सीचं काम पहिल्या फटक्यात झालं. पट्टीने मात्र तीनदा बोर्ड करायला लावला, आणि एका पहाटे काकांचा फोन आला की टाकीत तळाला पाणी नाही, पण मध्ये आहे.

आधी निक्सीबद्दल, कारण पहिली चूक तिच्याच सवयीतून झाली. निक्सी नळी बरोज कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणली. एका काचेत एकामागे एक असे दहा आकडे, प्रत्येक आकडा म्हणजे तारेसारखा एक कॅथोड (ऋण टोक), आणि सगळ्यांना मिळून एक ॲनोड (धन टोक). ज्या आकड्याचा कॅथोड जमिनीला जोडाल त्याच्याभोवती निऑन पेटतो. माझा सप्लाय १७० व्होल्टचा होता. पेटलेली नळी साधारण १४० व्होल्ट स्वतःवर धरते, उरलेले ३० व्होल्ट ॲनोडच्या रेझिस्टरवर पडतात. अडीच मिलीअँपिअर हवेत म्हणून तो रेझिस्टर १२ किलोओहमचा. प्रत्येक आकड्याखाली एमपीएसए४२ जातीचा एक ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला (ज्या पायाने तो उघडतो-मिटतो) २२ किलोओहम, आणि मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या चिपेच्या, पिना वाचवायला तीन शिफ्ट रजिस्टर, थोड्या पिनांवरून अनेक आउटपुट देणाऱ्या चिपा. दोन नळ्यांना वीस ट्रान्झिस्टर लागले. निक्सीसाठी खास बनवलेल्या डिकोडर चिपा माझ्याकडे होत्या, तरी मी ट्रान्झिस्टरच वापरले. उद्या एखादा गेला तर पुण्याच्या तापकीर गल्लीत दुसरा शोधता यावा, एवढाच त्यामागचा विचार. एमपीएसए४२ ला ३०० व्होल्ट सोसतात. ड्रॉवरमध्ये ढिगाने असणारा बीसी५४७ फक्त ४५ व्होल्टचा असतो. पट्टी-नळी पेटलेली नसते तेव्हा सगळा सप्लाय तिच्याखालच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे नळीकडच्या पायावर, येऊन बसतो, त्यामुळे तिथे बीसी५४७ लावला तर तो फुटतो आणि जाताना मायक्रोकंट्रोलरलाही घेऊन जातो.

निक्सीच्या बाबतीत ट्रान्झिस्टर म्हणजे बटण, चालू किंवा बंद. उजेड कमी हवा तर बटण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचं. पट्टीलाही मी हेच केलं. आयएन-९ ची नळी, खाली ट्रान्झिस्टर, आणि एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवरून ४९० हर्ट्झचे स्पंद. अर्धा वेळ चालू ठेवला तर पट्टी अर्धी पेटेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पट्टी पूर्ण लांबीची पेटली, फक्त मंद. पाव वेळ चालू ठेवला तर आणखी मंद, पण लांबी तीच.

याचं कारण नळीच्या आतल्या वायूत आहे आणि ते नीट कळल्याशिवाय पुढचं काही सुटणार नव्हतं. कमी दाबाच्या निऑनमधून थोडा प्रवाह गेला की उजेड कॅथोडच्या एका भागालाच चिकटून राहतो. प्रवाह वाढवला तर त्याच जागेवर गर्दी वाढत नाही, उजेड शेजारची मोकळी जागा व्यापतो. दर चौरस मिलिमीटरला जाणारा प्रवाह जवळपास तोच राहतो, नळीवरचं व्होल्टेजही फारसं हलत नाही. बदलतं ते फक्त व्यापलेलं क्षेत्र. पट्टी-नळीचा कॅथोड म्हणजे एक लांब बारीक सळई, त्यामुळे क्षेत्र वाढलं की लांबी वाढते. निक्सीचा आकडा मात्र पूर्ण झाकला जाईल एवढा प्रवाह देऊनच चालवायचा असतो. माझ्या प्रत्येक स्पंदात पूर्ण प्रवाह जात होता, म्हणून प्रत्येक स्पंदात पूर्ण सळई पेटत होती आणि विझत होती. डोळ्याला त्याची सरासरी दिसत होती. लांबी बदलायची तर प्रवाह खरोखर कमी-जास्त व्हायला हवा. निक्सीला बटण चालतं, पट्टीला नळ लागतो, हळूहळू उघडणारा.

दुसऱ्या बोर्डात तो नळ आला. मायक्रोकंट्रोलरचे स्पंद आता १५.६ किलोहर्ट्झचे. ते १० किलोओहम आणि एक मायक्रोफॅरडच्या गाळणीतून गेले की मागे स्थिर व्होल्टेज उरतं. हे व्होल्टेज एलएम३५८ या ऑपॅम्पच्या, म्हणजे दोन इनपुटांतला फरक बघून आउटपुट हलवणाऱ्या चिपेच्या, एका इनपुटला. दुसऱ्या इनपुटला ट्रान्झिस्टरच्या एमिटरखालच्या (जमिनीकडच्या पायाखालच्या) रेझिस्टरवरचं व्होल्टेज. ऑपॅम्प बेसला एवढंच ढकलतो की दोन्ही व्होल्टेज सारखी होतील. म्हणजे मायक्रोकंट्रोलर जेवढं व्होल्टेज मागेल तेवढा प्रवाह नळीतून जाईल, नळी जुनी असो वा नवी. आयएन-९ ला पूर्ण लांबीसाठी १० ते १२ मिलीअँपिअर लागतात. एवढ्या प्रवाहाला एमपीएसए४२ तापतो, म्हणून तिथे एमजेई३४० हा दणकट ट्रान्झिस्टर घातला, आणि उष्णतेचा वाटा उचलायला नळीच्या वर ३.३ किलोओहम.

टाकीत पाण्याच्या दाबावर चालणारा, पातळी ४ ते २० मिलीअँपिअरच्या प्रवाहाने कळवणारा ट्रान्समीटर सोडला. त्याच्या लूपला, म्हणजे तो प्रवाह वाहणाऱ्या वायरीला, वेगळा २४ व्होल्टचा ॲडॅप्टर दिला. टाकीतून बाहेर जाणारा पाइप तळापासून २० सेंटिमीटरवर आहे. त्याखालचं पाणी नळाला येतच नाही, म्हणून ती पातळी मी शून्य धरली. शून्याला पट्टीचा प्रवाहही शून्य. बोर्ड बसवून दुपारी चाचणी घेतली. पट्टी छान चढली, छान उतरली. काका खुर्ची टाकून तासभर बघत बसले. मी पुण्याला परतलो.

आठ-दहा दिवसांनी पहाटे फोन. काका म्हणाले, "हे बघ, वॉचमन म्हणतोय पंप सुरू करून पाच मिनिटं झाली, नळी पेटेना. आणि आता पेटलीय ती मध्ये. वर काळोख, खाली काळोख, मध्ये बोटभर उजेड. टाकीत पाणी तरंगतंय का रे?"

शनिवारी मी गेलो आणि साडेचारला केबिनमध्ये जाऊन बसलो. रात्रीच्या वापरात टाकी शून्यावर आली होती, पट्टी विझलेली होती. पाचला पंप सुरू झाला. निक्सीवर ०१ आलं, मग ०३, ०५. पट्टी काळीच. ०७ ला एकदम सळईच्या मध्यावर नारिंगी ठिपका उमटला आणि तिथेच वर-खाली दोन्हीकडे पसरू लागला. मी पट्टीचा प्रवाह तोडून परत दिला. या वेळी ठिपका थोडा वर उमटला. मग केबिनचा दिवा लावून तेच केलं, तर नळी क्षणात पेटली. दिवा बंद केला की पुन्हा खोळंबा. अंधारात थांबून नळीवर मोबाइलचा टॉर्च मारला आणि त्याच क्षणी ती पेटली.

त्या वेळी एका मोजमापाने मला बराच वेळ भलतीकडे नेलं, म्हणून ते सविस्तर लिहितो. नळी काळी असताना मी एमिटरच्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला. मीटर सांगत होता की बरोबर मागितला तेवढाच प्रवाह जातोय. नळीत उजेड नाही आणि प्रवाह मात्र पूर्ण! मला वाटलं नळीतच कुठेतरी प्रवाह चोरून वाहतोय. नळी सॉकेटमधून उपसून काढली, तरी मीटरवर तोच आकडा. तेव्हा उलगडा झाला. कलेक्टरकडून काही येत नाही असं दिसल्यावर ऑपॅम्प बेसमधून ढकलत राहतो. बेस-एमिटर हा डायोडच आहे, त्यामुळे सगळा प्रवाह ऑपॅम्पमधूनच बेसला आणि बेसमधून एमिटरच्या रेझिस्टरला जात होता. दोन्ही इनपुट सारखी झाली की ऑपॅम्पच्या लेखी काम झालं. तो प्रवाह नळीतून आला की त्याच्या स्वतःच्या पोटातून, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आणि माझा मीटर ऑपॅम्प बघत होता तेच बघत होता.

अंधारातल्या खोळंब्याचं कारण असं. निऑन पेटायचा तर आधी आत एखाददुसरा मोकळा इलेक्ट्रॉन लागतो. तो व्होल्टेजने वेग घेऊन अणूंवर आपटतो, आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि साखळी सुरू होते. उजेडात कॅथोडवर पडणारा प्रकाश हे पहिले इलेक्ट्रॉन सोडवतो. मिट्ट अंधारात नळीला आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची किंवा आकाशातून येणाऱ्या एखाद्या कणाची वाट पाहावी लागते. कधी तो लगेच येतो, कधी बराच वेळ येत नाही. म्हणूनच दुपारच्या चाचणीत मला काही दिसलं नव्हतं. घरात दिवसा पास झालेली निऑनची कुठलीही वस्तू डब्यात झाकून पुन्हा तपासायला हवी, हे मी तेव्हापासून पाळतो.

ठिपका मध्येच उमटण्याचं कारण वेगळं. आयएन-९ मध्ये फक्त दोन टोकं असतात, सळई आणि तिच्याभोवतीचं धातूचं आवरण. उजेडाने तळापासून सुरुवात करावी असं तिथे काही सांगत नाही. तो चालू आहे तोवर जागा सोडत नाही, पण एकदा विझला की पुढच्या वेळी सळईचा जो भाग सोपा वाटेल तिथे पेटतो. आणि विझवत मीच होतो. टाकी शून्याला गेली की माझा प्रोग्राम प्रवाह तोडत होता.

चहा घेताना हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी ट्रान्समीटरच्या वायरीकडे बोट केलं. "टाकी रिकामी असताना ह्या वायरीत किती असतात?"

"चार मिलीअँपिअर."

"का? शून्य का नाही ठेवले?"

"वायर तुटली तर कळावं म्हणून. शून्य आला म्हणजे वायर गेली, चार आला म्हणजे टाकी रिकामी."

"मग तुझ्या नळीला शून्य का देतोस?"

कारखान्यातले लोक याला लाइव्ह झीरो म्हणतात, जिवंत शून्य. त्या टेबलावर माझ्याच सर्किटच्या एका टोकाला ते होतं आणि दुसऱ्या टोकाला नव्हतं. मला ते दिसलं नाही आणि काकांना एका मिनिटात दिसलं. आयुष्यभर ज्या माणसाने चार मिलीअँपिअर मोजले, त्याच्यासाठी शून्य म्हणजे बिघाडच.

तिसऱ्या बोर्डात नळी बदलून आयएन-१३ घेतली. हिला तिसरं टोक असतं, तळाशी बसवलेला एक छोटा सहायक कॅथोड. तो २२० किलोओहममधून सरळ जमिनीला जोडला की त्याच्यातून सतत सुमारे ०.३ मिलीअँपिअर वाहत राहतात आणि तळाशी एक बारीकसा निखारा कायम पेटलेला राहतो. मुख्य सळईला पहिले इलेक्ट्रॉन तिथूनच मिळतात, त्यामुळे उजेड तळापासूनच चढतो. शिवाय हिला पूर्ण लांबीला साडेचार मिलीअँपिअरच्या आसपास पुरतात, म्हणून ट्रान्झिस्टर पुन्हा एमपीएसए४२. नळीवर साधारण १०० व्होल्ट पडतात. वरती ४.७ किलोओहम ठेवला की पूर्ण प्रवाहाला २१ व्होल्ट तो घेतो आणि ट्रान्झिस्टरवर सुमारे ४५ व्होल्ट, म्हणजे ०.२ वॉट उरतात. एवढं तो सहज सोसतो. एमिटरला बरोबर एक किलोओहम ठेवला. त्यावर जितके व्होल्ट तितके मिलीअँपिअर, डोक्यात गणित करायला नको. त्यातले दोन-तीन टक्के बेसचे असतात, ते कॅलिब्रेशनमध्ये जिरतात.

जिवंत शून्य ०.४ मिलीअँपिअरचं ठेवलं. माझ्या नळीत एवढ्याने उजेड तळापासून सुमारे एक सेंटिमीटर येतो. लाकडी पट्टीवर शून्याची खूण तिथे केली. पूर्ण टाकीला ४.४ मिलीअँपिअर. मधल्या चार मिलीअँपिअरमध्ये उजेड दहा सेंटिमीटर चढतो, म्हणजे एक टक्का पाणी, एक मिलिमीटर उजेड, ४० मायक्रोअँपिअर. मायक्रोकंट्रोलरच्या दहा बिटांच्या स्पंदात हे आठ पायऱ्यांचं अंतर आहे, त्यामुळे चढताना कुठेही धक्का दिसत नाही. खालच्या टोकाला नळी थोडी वाकडी चालते, म्हणून ०, २५, ५०, ७५ आणि १०० अशा पाच खुणांना प्रवाह हाताने जुळवून ते पाच आकडे प्रोग्राममध्ये घातले. जुळवण्याआधी नळी तासभर चालू ठेवली. थंड नळीवर जुळवलेली खूण नंतर सरकते.

ज्या बेसने मला फसवलं होतं त्यालाच आता पहाऱ्याला बसवलं. ऑपॅम्प आणि बेस यांच्यामध्ये १० किलोओहम घातला. नळी पेटलेली असते तेव्हा बेसला फार थोडा प्रवाह लागतो, आणि ऑपॅम्पचं आउटपुट मागितलेल्या व्होल्टेजपेक्षा एक-दोन व्होल्टच वर असतं. नळी विझलेली असेल तर सगळा प्रवाह या १० किलोओहममधून ढकलावा लागतो. जिवंत शून्याच्या ०.४ मिलीअँपिअरलाही तिथे चार व्होल्ट पडतात आणि आउटपुट उसळी घेतं. ते आउटपुट तीन भागांत विभागून मायक्रोकंट्रोलरला वाचायला दिलं. आउटपुट आणि मागितलेलं व्होल्टेज यांतला फरक तीन व्होल्टच्या वर गेला म्हणजे नळी पेटलेली नाही. अशा वेळी प्रोग्राम नळीच्या तळाशी बसवलेली एक निळी एलईडी लावतो. तो टॉर्चचाच धडा. निळ्या प्रकाशाचे कण लाल-पिवळ्यापेक्षा जास्त ऊर्जेचे असतात, म्हणून निळी निवडली. नळी पेटली की एलईडी बंद. लाइट जाऊन अंधारात परत आली तरच तिची वेळ येते.

सुरू होताना पट्टी आधी अर्धा सेकंद पूर्ण चढते आणि मग खऱ्या पातळीला उतरते. ट्रान्समीटरची वायर तुटून लूप ३.६ मिलीअँपिअरखाली गेला तर निक्सी विझतात आणि पट्टी सावकाश वर-खाली होते, म्हणजे वॉचमन रिकामी टाकी समजून पंप सुरू करणार नाही.

निक्सीकडे एकदाच परत जावं लागलं. टाकी बहुतेक वेळ चाळीस ते नव्व्याण्णवमध्ये असते, त्यामुळे दशकाच्या नळीत १ आणि २ क्वचितच पेटतात. शेजारच्या आकड्यांचा उडणारा धातू न पेटणाऱ्या कॅथोडवर साचतो आणि पुढे त्या आकड्याचे तुकडे दिसू लागतात. रात्री तीन वाजता दहा मिनिटं दोन्ही नळ्यांवर ० ते ९ फिरवतो. वॉचमनला आधीच सांगून ठेवलंय.

१७० व्होल्टच्या कपॅसिटरवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर कायम आहे, प्लग काढल्यावर दहा-बारा सेकंदांत बोट लावण्याजोगं होतं. तरी वर ॲक्रिलिकचं झाकण स्क्रूने बसवलंय, कारण केबिनमध्ये वॉचमनची लहान मुलगी अभ्यासाला बसते.

आयएन-१३ ला आता दोन पावसाळे झाले. वॉचमन निक्सीकडे बघत नाही. त्याने लाकडी पट्टीवर स्केचपेनने एक रेघ मारलीय, साधारण ९३ टक्क्यांवर, कारण पंप बंद केल्यावरही पाइपातलं पाणी थोडा वेळ टाकीत पडत राहतं. उजेड त्या रेघेला टेकला की तो उठतो. परवा गेलो तेव्हा दुसरी आयएन-१३ त्याच बोर्डवर चढवून तासभर तापवली, पाच खुणांचे तिचे आकडे काढले, आणि ते कागदावर लिहून नळीसकट कापसात गुंडाळून काकांच्या डब्यात ठेवले. काकांनी डब्यावर पेनने लिहिलं, 'गेज ग्लास, स्पेअर'.